विशीतला आजोबा: रंगमंचासाठी चेहरा म्हातारा करताना

हौशी नाटकात नाहीतर कॉलेजच्या एकांकिकेत एक आजोबा हमखास असतात आणि ते करणारा मुलगा हमखास विशी-बाविशीचा असतो. नाटकाच्या दिवशी संध्याकाळी त्या मुलाच्या चेहऱ्याचं काय होतं, ते मी रत्नागिरीच्या रंगपटांत वर्षानुवर्षं बघत आले आहे. आधी पांढरट बेस, म्हणजे रंगाचा पहिला थर. त्यावर कपाळाला काळ्या पेन्सिलीच्या तीन आडव्या रेघा, नाकाच्या दोन बाजूंना दोन कंस आणि केसांत भरपूर टाल्कम पावडर. पहिल्या रांगेतल्या माणसाला त्या रेघा रेघाच दिसतात. पंधराव्या रांगेतल्याला त्या दिसतच नाहीत. त्याला डोक्यावर पीठ सांडलेला एक तरुण मुलगा दिसतो.

मी शाळेत चित्रकला शिकवते आणि गेली कित्येक वर्षं इथल्या हौशी संस्थांची रंगभूषा करते. कोळशाने चेहरा काढायला शिकवताना मुलांना जे सांगते तेच रंगपटात सांगते: म्हातारपण रेघांमध्ये नसतं, उजेड-सावलीत असतं. रंगमंचावर समोरून येणारा प्रकाश चेहऱ्यावरच्या सावल्या खाऊन टाकतो. डोळ्यांच्या खोबणी, गालाच्या हाडाखालचा खळगा, जबड्याची कड, सगळं एका पातळीवर येतं. पुसल्या गेलेल्या त्या सावल्या परत काढायच्या, आणि माणूस म्हातारा दाखवायचा असेल तर त्या वयाला साजेशा जागी काढायच्या, एवढंच रंगभूषेचं काम. चेहरा गोरा करणं त्यात कुठेच बसत नाही. तरीही आपल्याकडे पहिला हात पांढऱ्या बेसचाच फिरतो, याचा मला मनापासून राग येतो. आयुष्यभर उन्हात राबलेला आजोबा दोन छटा उजळ होऊन पडद्याआडून आला की तोंड उघडण्याआधीच खोटा पडतो.

आता कामाचं. आजोबाच्या चेहऱ्याला पाऊण तास लागतो. दाढी चिकटवायची असेल तर वर आणखी पाऊण तास धरा. तिसऱ्या घंटेपासून उलटं मोजा आणि अर्धा तास मोकळा ठेवा, कारण नटाला शेवटी स्वतःबरोबर बसायला वेळ हवा असतो. दाढी सकाळीच करून यायला सांगा. ताज्या दाढीवर स्पिरिट गम, म्हणजे दाढी-मिशी चिकटवायचा डिंक, लागला की चेहरा भाजल्यासारखा चुरचुरतो. पहिल्यांदाच रंग लावून घेणाऱ्या मुलाला निदान एक दिवस आधी कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला बेस, गम, जे काही वापरणार असाल ते थोडं लावून बघा. खाज सुटली, चट्टा उठला तर ती वस्तू त्याच्यासाठी बाद.

सामान फार लागत नाही. पॅनस्टिक (कांडीसारखा मिळणारा बेस) किंवा क्रीमचा बेस, दोन-तीन छटांत. एक गर्द तपकिरी, एक विटकरी लाल, एक पिवळा, एक पांढरा. ट्रान्सल्युसंट पावडर आणि पफ. दोन स्पंज, एक चपटा ब्रश, एक बारीक ब्रश, पावडर झटकायला एक मोठा मऊ ब्रश. स्वच्छ जुना टूथब्रश. स्पिरिट गम, त्याचा रिमूव्हर, क्रेप (दाढी-मिशीसाठीचे केस). कापूस, टिश्यू, खोबरेल तेल. पोस्टर कलर, होळीचे रंग, फेविकॉल यांपैकी काहीही चेहऱ्याजवळ आणायचं नाही, कुणी कितीही घाईत असलं तरी. शेंदूर आणि हिंगूळही नको. पारंपरिक शेंदरात शिसं असतं आणि हिंगुळात पारा. जुन्या काळच्या नटांनी असले रंग वर्षानुवर्षं अंगाला फासले, कारण दुसरं काही हाताशी नव्हतं. युरोपातही शिशाचा पांढरा रंग चाले. बर्लिनमध्ये लुडविग लाइखनर या ऑपेरागायकाने १८७३ च्या सुमारास शिसं नसलेले तेलकट रंग करून विकायला सुरुवात केली, तेव्हा कुठे नटांची त्यातून सुटका होऊ लागली. आज चांगले रंग जिल्ह्याच्या ठिकाणीही मिळतात. संस्थेने एकदा खर्च करावा. नीट झाकण लावून ठेवले तर बरेच प्रयोग पुरतात. फक्त डब्यावरची तारीख बघत जा, आणि स्पंज प्रत्येकाचा वेगळा ठेवा.

आणखी एक गोष्ट मी पिशवीत नेतेच: पिवळ्या उजेडाचे दोन बल्ब आणि होल्डर. रंगपटात बहुधा ट्यूबलाइट असते. तिच्या निळसर उजेडात तुम्ही लाली वाढवत नेता आणि रंगमंचाच्या उबदार प्रकाशात तोच चेहरा तांबडालाल दिसतो. बल्ब आरशाच्या दोन्ही बाजूंना लावा. डोक्यावर एकच दिवा असेल तर त्याची सावली तुम्ही चेहऱ्यावरची समजून रंगवत बसाल.

चेहरा धुवा, पुसा. रुमालात बर्फ गुंडाळून दोन-तीन मिनिटं चेहऱ्यावर फिरवा. आमच्याकडे नोव्हेंबर-डिसेंबरातही हवा दमट, आणि बर्फाने घाम थोडा उशिरा येतो. मग बेस. तो गळ्याच्या कातडीशी जुळला पाहिजे, हाताच्या पाठीशी नव्हे. बाजारातल्या तयार छटा सावळ्या कातडीवर राखाडी पडतात, म्हणून मी सरळ डब्यातून कधीच लावत नाही. ताटलीत बेस घ्यायचा, त्यात कणभर पिवळा, कणभर विटकरी मिसळायचा आणि जबड्याच्या कडेला लावून बघायचा. जुळला की तो दिसेनासा होतो. नाट्यशास्त्रात आहार्य अभिनयात, म्हणजे वेश आणि रंगभूषेच्या भागात, अंगरचना (अंग रंगवणं) सांगितली आहे, तिथे मूळ रंग चारच आहेत: सित, नील, पीत, रक्त, म्हणजे पांढरा, निळा, पिवळा, लाल. बाकीचे सगळे मिश्रणाने करायचे. वीस छटांची पेटी घ्यायला निघालेल्या प्रत्येक संस्थेला मी हे सांगते.

आजोबासाठी बेस अगदी पातळ लावा. जाड थर दिला की कातडी तुकतुकीत दिसते, आणि तुकतुकीत कातडी तरुणाची. ओठांवरही बेसच फिरवा, म्हणजे त्यांचा लालपणा जाईल. दाढी चिकटवणार असाल तर ती जागा कोरडी सोडा. तेलकट बेसवर गम धरत नाही.

आता खरं काम सुरू होतं, आणि त्यासाठी आधी ब्रश खाली ठेवायचा. दोन्ही हातांच्या बोटांनी समोरच्याचा चेहरा चाचपा. भुवईवरचं हाड, कानशिलाचा खळगा, गालाचं हाड कुठे संपतं, जबडा कुठे वळतो. वय वाढतं तसं हाडांवरचं मांस ओसरतं, कानशिलं आणि गाल आत जातात, आणि कातडी सैल होऊन जबड्याशी लोंबते. ज्या जागा आत जाणार तिथे सावली, जी हाडं वर येणार तिथे उजेड. हाडं प्रत्येकाची वेगळी, म्हणून एकाचा नकाशा दुसऱ्याला चालत नाही. मोबाइलवर एखाद्या परदेशी म्हाताऱ्याचा फोटो आणून "असं करा" म्हणणाऱ्या मुलांना मी म्हणते, तुझ्या आजोबांचा फोटो आण. वीस वर्षांचा पोरगा सत्तरीत कसा दिसेल, ते त्या फोटोत निम्मं लिहिलेलं असतं.

सुरकुत्याही त्याच्याच वापरायच्या. गेल्या स्पर्धेतला आमचा आजोबा एकवीस वर्षांचा, गोल चेहऱ्याचा, गालांवर कुठे घडी म्हणून नाही.

"बाई, माझ्या तोंडावर एकपण सुरकुती नाहीये."

"कडू औषध प्यायलास असं तोंड कर."

त्याने केलं आणि डोळ्यांच्या कोपऱ्यांत, नाकाच्या दोन बाजूंना, दोन भुवयांच्या मधे सगळं उमटलं. तसंच धरून ठेवायला सांगून मी बारीक ब्रशने प्रत्येक घडीत नुसता ठिपका दिला. चेहरा सैल सोडल्यावर ठिपके राहिले, आणि पुढचं सगळं त्या ठिपक्यांवरून काढलं. असं काढलेलं असलं की संवाद म्हणताना नटाची खरी घडी रंगवलेल्या घडीवरच पडते. मनाने काढलेली सुरकुती मात्र तो हसला की खऱ्या घडीच्या शेजारी वेगळीच उभी राहते.

नाकपुडीपासून ओठाच्या कोपऱ्याकडे उतरणारी घडी सगळ्यांत महत्त्वाची, आणि सगळ्यांत जास्त बिघडते तीही हीच, म्हणून ती सावकाश सांगते. एखाद्या म्हाताऱ्या माणसाचा गाल बघा. उजेड वरून पडतो. गालाचा फुगवटा वर उजळ असतो, खाली वळत जातो तसा काळवंडतो आणि घडीच्या तळाशी सगळ्यांत गडद होतो. घडी ओलांडली की वरच्या ओठाची कातडी पुन्हा एकदम उजेडात येते. म्हणजे घडीवर एक बाजू धारदार आणि दुसरी विरघळणारी. चपट्या ब्रशने तपकिरी रंग नेमका घडीवर ठेवा आणि बोटाने फक्त वर, गालाकडे पुसत न्या. ओठाकडे अजिबात पुसू नका. मग दुसऱ्या स्वच्छ ब्रशने उजळ रंग त्याच धारेला खालून लावा आणि तो ओठाकडे विरवत न्या. शेवटी गालाच्या फुगवट्याच्या माथ्यावर उजळ रंगाचं एक बोट. दोन्ही रंग धारेवर एकमेकांना भिडले पाहिजेत, मिसळता कामा नयेत. घडी नाकपुडीशी गडद ठेवा आणि खाली उतरताना फिकी करत सोडून द्या. वरपासून खालपर्यंत एकाच जाडीची काढली की तो कंस होतो.

सावलीला काळा रंग घेऊ नका. दुरून तो मळासारखा दिसतो. तपकिरीत थोडा विटकरी मिसळा. गर्द सावळ्या चेहऱ्याला जांभळटाकडे झुकणारा तपकिरी लागतो. उजळ रंगही पांढरा नको. त्याच बेसमध्ये पांढरा आणि थोडा पिवळा घालून दोन-तीन छटा वर न्या, बस.

हीच धारेची आणि विरघळण्याची रीत डोळ्यांखालच्या पिशवीला चालते: खालची कड धारदार, वर पापणीकडे विरत जाणारी. जबड्याशी लोंबणारं मांस दाखवायचं तर हनुवटीच्या दोन्ही बाजूंना जबड्याची सरळ रेषा एक बोटभर सावलीने तोडा. कानशिलांना आणि गालाच्या खळग्यांना धार नको, तिथे सगळंच मऊ. कपाळाच्या आडव्या रेघांवर मी सगळ्यांत कमी वेळ घालवते. त्या दहाव्या रांगेपलीकडे पोचत नाहीत, त्यामुळे दोनच आणि त्याही मधे तुटलेल्या पुरतात.

गळा, कान आणि हात विसरले जातात. मागून प्रकाश आला की तरुण कान गुलाबी पेटतात, म्हणून कानांना बेस लावाच. गळ्याला मान ताठ करायला सांगून शिरा उठू द्या, शिरांवर उजेड, दोन शिरांच्या मधे सावली. हातांच्या पाठीवर हाडांच्या मधल्या खाचांत सावली, पेरांवर उजेड. काठी धरलेला गुळगुळीत हात एका क्षणात सगळं उघडं पाडतो, आणि आजोबाच्या हातात काठी असतेच.

नट बाजूला असेल तर ब्रश त्याच्याही हातात द्या. अर्धा चेहरा तुम्ही करा, अर्धा त्याला आरशात बघून करू दे. सिंधुदुर्गातले दशावतारी नट स्वतःचा चेहरा स्वतः रंगवतात. देवळाच्या जत्रेत, मिळेल त्या कोपऱ्यात मांडी घालून, छोट्या आरशात बघत पुरुषमाणूस राणी होऊन उठतो, ते मी तासन्‌तास बघितलं आहे. रंग लावता लावता तो नट गप्प होत जातो, भूमिकेत शिरतो. आपल्या हौशी मुलांना खुर्चीत बसून डोळे मिटायची सवय लागली आहे. आपला चेहरा कुठे खोल आहे आणि कुठे उंच, हे नटाला ठाऊक असेल तर प्रकाशात मान कुठे फिरवायची हेही त्याला आपोआप कळतं.

क्रीमचं सगळं काम संपल्याशिवाय पावडर लावू नका. पावडरीवर पुन्हा क्रीम गेलं की गुठळ्या होतात. पफवर पावडर घ्या, तळव्यावर झटका आणि चेहऱ्यावर दाबून बसवा. घासलीत तर आत्तापर्यंतच्या सगळ्या धारा पुसल्या जातील. दोन मिनिटांनी मऊ ब्रशने जादाची झटका, मग ओला करून घट्ट पिळलेला स्पंज नुसता टेकवत जा, पिठूळपणा जातो. नाटकात मधे घाम आला तर टिश्यू दाबायचा, पुसायचं नाही. विंगेत उभ्या असलेल्या प्रत्येकाला हे सांगून ठेवा, कारण मदतीला धावणारा मित्रच रुमालाने पुसतो.

केसांत टाल्कम पावडर कृपया घालू नका. आजोबांना कुणी मिठी मारली की प्रकाशझोतात ढग उडतो आणि गंभीर प्रसंगात प्रेक्षक हसतात. शिवाय काळ्या केसांवर नुसता पांढरा रंग निळसर दिसतो. पांढऱ्या क्रीममध्ये थोडा पिवळा मिसळा, टूथब्रशवर अगदी कमी घ्या आणि कानशिलांपासून, कल्ल्यांपासून सुरुवात करा. पिकायला बहुधा तिथूनच लागतं. वर जाताना कमी करत न्या. भुवया मात्र उलट्या दिशेने विंचरून पांढऱ्या करा. विस्कटलेल्या भुवईने डोळ्यांवर जेवढं वय चढतं, तेवढं कपाळाच्या दहा रेघांनी चढत नाही.

दाढीची क्रेप वेणीसारखी विणलेली मिळते. आदल्या रात्री ती सोडवून भिजवा आणि ताणून बांधून वाळत घाला. घाई असेल तर ओल्या फडक्याखाली ठेवून इस्त्री करा. नाहीतर दाढी कुरळ्या लोकरीसारखी दिसते. पांढरी, करडी आणि थोडी काळी हाताने एकत्र विंचरा. एकाच रंगाची दाढी विकत आणलेली वाटते. गम पातळ लावा आणि बोटाला चिकट लागेपर्यंत थांबा. सुरुवात हनुवटीच्या खालून, मग हनुवटीचा पुढचा भाग, मग गालांवरून वर कानाकडे, कौलांसारखा एक थर दुसऱ्यावर चढवत. दाबायला ओलं फडकं घ्या म्हणजे केस बोटांना चिकटणार नाहीत. मिशी दोन तुकड्यांत लावा, मधे ओठाची पन्हळ मोकळी सोडा. अखंड मिशी "प" आणि "ब" म्हणताना एका बाजूने सुटते. सगळं लावून झालं की नटाला त्याचं सगळ्यांत लांब स्वगत पूर्ण आवाजात म्हणायला लावा. जे सुटायचं ते रंगपटातच सुटू दे.

लॅटेक्सच्या सुरकुत्या फार खऱ्या दिसतात हे मान्य, पण किनाऱ्यावरच्या घामात कडा उचलल्या जातात आणि काहींना लॅटेक्सची अॅलर्जी असते. एका संध्याकाळच्या एकांकिकेसाठी मी ते घेत नाही.

चाळिशीतली आई करणाऱ्या मुलीला यातलं पाव कामही लागत नाही. डोळ्यांखाली थोडी सावली, नाकाजवळच्या घडीची नुसती सुरुवात, ओठांचे कोपरे किंचित खाली. भांगाजवळची ती एक पांढरी बट रंगवू नका. ती बट बघून प्रेक्षक "ही आई" असं वाचतो, आई बघत नाही.

प्रकाशयोजना करणाऱ्याशी बोलल्याशिवाय लाली लावू नका. लाल प्रकाशात लाली नाहीशी होते, हिरव्या किंवा निळ्यात काळपट डाग बनते. जुन्या हॅलोजनचा उजेड साधारण ३२०० केल्विनचा (केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप), पिवळसर. पांढऱ्या एलईडीचा बहुतेक वेळा बराच थंड. एलईडी समोरून असतील तर बेसमध्ये विटकरी थोडा वाढवा, नाहीतर आजोबा पहिल्याच प्रवेशात आजारी दिसतील. यासाठी रंगीत तालमीत पूर्ण रंगभूषा करून, खऱ्या प्रकाशात, नटाला उभं करा आणि तुम्ही पंधराव्या रांगेत जाऊन बसा. डोळे बारीक करा. चित्र तपासताना आम्ही असंच करतो. बारीकसारीक तपशील गळून पडतात आणि उजेड-सावलीचे मोठे आकार उरतात. त्या आकारांत म्हातारा दिसला तर काम झालं. दिसला नाही तर रेघा वाढवू नका, सावली गडद करा आणि उजळ भाग आणखी उजळ. मग शेवटच्या रांगेत जा, आणि मग पहिल्या. पहिल्या रांगेला थोडं जास्त वाटलं तरी चालेल, शेवटच्या रांगेनेही तिकीट काढलेलं असतं.

राज्य नाट्य स्पर्धेत रंगभूषेला स्वतंत्र पारितोषिक असतं, त्यामुळे कधी कधी दिग्दर्शकच "जरा जास्त करा, परीक्षकांना दिसू दे" म्हणतात. ऐकू नका. परीक्षकही शेवटी प्रेक्षागृहातच बसलेले असतात.

पडदा पडल्यावर आधी दाढी. ओढायची नाही. रिमूव्हरमध्ये ब्रश बुडवून कडेखालून सरकवत न्या, ती आपणहून सुटते. मग खोबरेल तेल सढळ हाताने लावा, मिनिटभर थांबा, कापसाने पुसा, परत तेल, परत कापूस, आणि मग साबण. डोळ्यांजवळ आतून बाहेर पुसा. मुलं फोटो काढत, चहा पीत, रंगातच घरी जातात आणि दुसऱ्या दिवशी गालभर पुळ्या घेऊन येतात. रंग उतरवण्याआधी एक काम मात्र करा: समोरून, डावीकडून, उजवीकडून आणि हातांचा, असे चार फोटो काढा आणि बेसमध्ये काय किती मिसळलं ते वहीत लिहून ठेवा. प्राथमिक फेरी आणि अंतिम फेरी यांच्यात महिने जातात, आणि तोच आजोबा परत उभा करायचा असतो.